माळावर काय लावावे? : डोंगरकडा परिसरातील एक अभ्यास

वृक्षारोपण हा आपल्या शाळांचा आता वार्षिक सण झाला आहे. आषाढ लागला की खड्डे, रोपे, पाहुणे, हारतुरे आणि शेवटी छायाचित्र असा त्याचा क्रम ठरून गेला आहे. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाची प्रथा घातली. १९८२ साली महाराष्ट्रात सामाजिक वनीकरण विभाग निघाला. २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत तर राज्याने अनुक्रमे २, ४, १३ आणि ३३ कोटी रोपांची उद्दिष्टे समोर ठेवली. हे सारे चांगल्या हेतूने झाले याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न निराळा आहे. ज्या जागेत ही रोपे लावली जातात, ती जागा त्यापूर्वी काय होती? तेथे काय उगवत होते, आणि ते का उगवत होते? कला शाखेच्या विद्यार्थ्याने असल्या विषयात डोके घालू नये असे कोणी म्हणेल. परंतु या प्रश्नाचा एक चांगला पुरावा प्रयोगशाळेत नव्हे, तर जुन्या मराठी वाङ्मयात सापडलेला आहे. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

डोंगरकडा हे हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील गाव. (हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला, वडीलधारी मंडळी अजूनही बोलताना परभणीचे नाव घेतात.) बाहेरच्या माणसाला आमचा भाग माहीत असतो तो केळीमुळे. सखल भागातील काळ्या जमिनीत, पाण्याची सोय असेल तेथे केळीच्या बागा उभ्या आहेत. पण थोडे चढून वर गेले की दृश्य पालटते. पायाखाली मुरूम लागतो, मध्येच काळा पाषाण उघडा पडलेला दिसतो, आणि गवतात विरळ विरळ उभी असलेली बोर, हिवर, पळस, खैर यांची झाडे. यालाच आपण माळ म्हणतो. शाळेची इमारत बांधायची वेळ आली की गावे बहुधा अशाच जागेकडे बोट दाखवतात, कारण ती पिकाऊ नसते. त्यामुळे कित्येक ग्रामीण शाळांच्या पाठीशी एखादा माळ असतो आणि वृक्षारोपणाचा उत्साह साहजिकच त्याच्यावर ओसंडतो.

गेल्या वर्षी बी. ए. च्या भूगोलाच्या प्रकल्पासाठी मी अशाच एका माळाची पाहणी केली. बरोबर शेजारच्या शाळेतील आठवी-नववीची मुले होती. शाळेला तो माळ हिरवा करायचा होता, आणि माझ्याकडून अपेक्षा होती ती किती रोपे मागवावीत एवढ्या हिशेबाची. साधने म्हणाल तर सुतळी, खुंट्या, पहार आणि वही. एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा सुतळीचा चौरस जमिनीवर आखायचा, त्यात काय काय उगवले आहे त्याची नावे लिहायची, आणि चौरसाच्या कडेला पहार मारून ती किती आत जाते ते मोजायचे. श्रावणात एकदा, माघात पुन्हा एकदा.

पहिल्याच दिवशी मुलांनी शोध लावला की पहार आणि झाड यांचे गणित जुळते. जेथे पहार वीतभरही जात नव्हती तेथे केवळ गवत होते: कुसळी, पवना, कोठे मारवेल. जेथे खडकाला भेग होती तेथे नेमके बोरीचे किंवा हिवराचे झाड. ओघळीच्या काठाला, जेथे वरची माती वाहून येऊन साठली होती, तेथे पळसाची दाटी, एखादा धावडा, मोई, बेल. एकच माळ, एकच पाऊस. तरी शंभर पावलांत तीन निरनिराळी राने. याचे कारण सोपे आहे. आमच्याकडे पाऊस वर्षाला ८०० ते ९०० मिलीमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे अगदीच कमी नव्हे; पण तो चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने झाडाने जमिनीतील ओलीवर काढायचे असतात. उथळ मुरमात ही ओल टिकत नाही. गवताचे बेट मात्र पावसाळ्यात वाढून, बी टाकून वरून वाळून जाते आणि मुळाशी जिवंत राहून पुढच्या पावसाची वाट पाहते. त्या जमिनीत राहण्याची हीच रीत आहे. वैशाखात हे गवत पिवळे दिसते म्हणून जमीन मेली, असे समजणे म्हणजे झोपलेल्या माणसाला मृत ठरवण्यासारखे आहे.

वनस्पतींची नावे लिहिताना माझी फजिती होईल अशी मला भीती होती. पण मेंढपाळाच्या घरातील एक मुलगा आमच्यात होता. वर्गात तो फारसा बोलत नसे असे त्याचे गुरुजी म्हणाले. माळावर मात्र हेंकळ कोणती, तरवड कोणता, कोणते गवत मेंढी आधी खाते व कोणते कुसळ आल्यावर तोंडाला लागते म्हणून सोडते, हे तो न थांबता सांगत होता आणि बाकीची मुले वहीत लिहून घेत होती. दुपारी त्याचे आजोबा आले. आम्ही काय करतो आहोत ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "खड्डा खंदला की गवताचं बेट गेलं, भाऊ. मंग त्या ढिगावर उगतं गाजरगवत. ते मेंढी बी खाईना अन् शेळी बी. तुमचं झाड उन्हाळ्यात वाळतं, अन् आमचं गवत बी जातं."

म्हातारबुवांनी दोन वाक्यांत जे सांगितले ते शास्त्रदृष्ट्याही अचूक आहे. जमीन उलथली की तिच्यावरचे जुने, बहुवर्षायु गवत नाहीसे होते आणि उघड्या मातीत सर्वांत आधी शिरतात ती परकी तणे. गाजरगवत अमेरिका खंडातून १९५० नंतरच्या दशकात आपल्याकडे पसरले. घाणेरी त्याच्या कितीतरी आधी शोभेचे झुडूप म्हणून आली. वेडी बाभूळ सरपणासाठी आणली गेली. तिघींनाही मोकळी, डिवचलेली जमीन प्रिय. म्हणजे दीड फूट लांबी-रुंदी-खोलीचे हजार खड्डे उथळ मुरमावर घेणे हे रोपांसाठी असो वा नसो, तणांसाठी मात्र उत्तम मशागत ठरते.

आता पुराव्याकडे येतो. माळ हे पूर्वीचे घनदाट अरण्य असून माणसाने कुऱ्हाड चालवल्यामुळे त्याची ही दशा झाली, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. पाठ्यपुस्तकातून ती आपल्या मनात बसते. काही ठिकाणी ती खरीही आहे; ओघळीकाठचे साग-धावड्याचे रान तुटले ते आमच्या आजोबांच्या आठवणीतच. परंतु सगळ्या माळाला ती लागू करता येत नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोघा अभ्यासकांनी २०२५ साली 'पीपल अँड नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला निबंध या बाबतीत लक्षणीय आहे. पश्चिम महाराष्ट्रातील माळरानांचा इतिहास शोधताना त्यांनी जुने मराठी वाङ्मय, चरित्रे, आख्याने, लोकगीते हाताशी घेतली आणि त्यांत जागोजाग आलेली झाडाझुडपांची नावे टिपली. एकंदर ४४ रानवनस्पती सापडल्या, आणि त्यांतील बहुसंख्य माळरानात वाढणाऱ्या निघाल्या. दाट जंगलाची ओळख पटवणाऱ्या अगदी थोड्या. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीच्या मराठी माणसानेही हा प्रदेश मोकळा, काटेरी, गवताळ असाच पाहिला होता.

मराठीच्या विद्यार्थ्याला यात आश्चर्य वाटू नये. कान्होपात्रेच्या आख्यायिकेतील झाड कोणते? पंढरपूरचे तरटीचे. ते काही अरण्यातील झाड नव्हे. कोरड्या माळावरचे काटेरी झाड आहे. महाराष्ट्राच्या नकाशावर नजर टाकली तरी हिवरा, हिवरे, हिवरखेड, बाभुळगाव, बोरगाव, पळसगाव, खैरगाव अशी नावे पानोपानी भेटतात. खुद्द 'जंगल' हा शब्द घ्या. आयुर्वेदात देशाचे तीन प्रकार मानले आहेत: जांगल, आनूप आणि साधारण. त्यांतील आनूप म्हणजे पाणथळ. आणि जांगल म्हणजे ज्याला आज आपण जंगल म्हणतो ते नव्हेच, तर मोकळ्या आकाशाचा, थोड्या पाण्याचा, विरळ व काटेरी झाडांचा कोरडा प्रदेश. चरकसंहितेत जांगल देशाची जी झाडे सांगितली आहेत त्यांत खैर, धावडा, सालई, बोर, टेंभुर्णी ही नावे आहेत. आमच्या वहीत मुलांनी लिहिलेल्या यादीत त्यांतली बहुतेक होती. दोन हजार वर्षांच्या आसपासचा ग्रंथ आणि आठवीतल्या मुलांची वही यांची अशी गाठ पडलेली पाहून मला जो आनंद झाला तो येथे लपवीत नाही.

तर मग या जमिनीला 'पडीक' हे नाव कोणी दिले? महसुलाच्या हिशेबाने. जी जमीन सारा देत नाही ती पडीक, असा इंग्रजी अमलातील दंडक होता, आणि तो शब्द आपण स्वातंत्र्यानंतरही वापरीत राहिलो. १९८५ साली केंद्र सरकारने मंडळ स्थापन केले त्याच्याही नावात पडीक जमिनीचा विकास होता. मराठीत मात्र माळ, बरड, कुरण, गायरान, राई, बन, देवराई असे किती तरी शब्द आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. इतके शब्द असताना एकाच 'पडीक'वर भागवून घेणे हे भाषेचे दारिद्र्य नव्हे, विसराळूपणा आहे.

यावर कोणी म्हणेल की ठीक आहे, परदेशी झाडे नकोत, देशी लावू. गेल्या काही वर्षांत हा विचार रुजला आहे आणि तो स्वागतार्ह आहे. एके काळी माळावर सर्रास लावले गेले ते ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ. ग्लिरिसिडिया मूळचा मध्य अमेरिकेतील. त्याला आपल्याकडे गिरिपुष्प असे गोंडस नाव मिळाले आणि उंदीरमारी असे खरे नावही मिळाले. तो का निवडला गेला? मोकाट गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, आणि फांदी खोचली तरी जगतो. जेथे जगलेल्या रोपांच्या टक्केवारीवर काम मोजले जाते, तेथे असेच झाड निवडले जाणार. बांधावर हिरवळीच्या खतासाठी तो उपयोगी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण पुण्याच्या टेकड्यांवर ज्यांनी त्याची दाटी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की त्याच्याखाली गवत उरत नाही आणि गवताबरोबर गवतातले पक्षीही जातात.

पण 'देशी' म्हणजे कोणत्या देशीचे? आपल्या भाषेत देश हा शब्द घाट आणि कोकण यांच्या जोडीने येतो. देश म्हणजे हे पठार. त्या अर्थाने सह्याद्रीच्या ओल्या उतारावरचे हिरडा-जांभूळ हे भारतीय असले तरी आमच्या मुरमाच्या माळावर ते पाहुणेच. रोपवाटिकेत जे मिळते ते देशी म्हणून घेऊन येणे आणि नंतर त्याला टँकरने पाणी घालीत बसणे, यात जुन्याच चुकीला नवे नाव दिल्यासारखे होते. शिवाय, लावायला हवीत अशी माळाची झाडे रोपवाटिकेत सहसा नसतात. हिवर कोण वाढवतो? हेंकळीचे रोप कोण मागतो? आणि कुसळीचे बी तर पायमोज्याला चिकटून येते तेवढेच!

शाळेने हे काम कसे करावे याचे उदाहरण म्हणून ऋषी व्हॅलीचा उल्लेख केला पाहिजे. जे. कृष्णमूर्तींच्या प्रेरणेने आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळ उभी राहिलेली ही शाळा. भोवतालच्या टेकड्या चराई व तोडीने उघड्या पडल्या होत्या. शाळेने त्यांना राखण दिली, पाणी अडवले, स्थानिक झाडांना जागा दिली. १९९१ साली शाळेने तो परिसर पक्ष्यांसाठी राखीव म्हणून जाहीर केला. पिवळ्या गळ्याचा बुलबुल हा दक्षिणेतील खडकाळ टेकड्यांचा दुर्मिळ पक्षी तेथे नांदतो. पण ती निवासी शाळा, साधने असलेली. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळांना त्याहून जवळचे वाटेल ते ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या मॉसमन भागातील दोन बहिणींचे काम. जोन आणि आयलीन ब्रॅडली या रोज फिरायला जाताना घराजवळच्या रानातील परकी तणे हाताने उपटीत. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी या साध्या उद्योगातून एक पद्धतच तयार केली. जेथे रान चांगले आहे तेथून सुरुवात करायची आणि बिघडलेल्या भागाकडे हळूहळू सरकायचे. जमीन शक्य तितकी कमी हलवायची. आणि मूळचे रान स्वतः जितक्या वेगाने परत येईल तितक्याच वेगाने तण काढत जायचे, घाई करायची नाही. त्यांनी रोपे लावण्यावर भर दिलाच नाही.

आपण नेमके उलट करतो. सर्वांत उजाड कोपरा निवडतो आणि तेथे सर्वांत जास्त खणतो.

आपल्याच बाजूचेही उदाहरण आहे. अकोला जिल्ह्याच्या बार्शीटाकळी तालुक्यातील वडाळा येथे फासेपारधी समाजाच्या लोकांनी 'संवेदना' या संस्थेच्या साहाय्याने गवताळ रान राखण्याचे काम केले आहे. तणमोरासारखे पक्षी ज्या गवतात राहतात ते गवत कोणत्या जातींचे, कोठे दाट, कोठे विरळ, हे पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवर जगलेल्या या लोकांइतके कोणाला माहीत असणार? ज्ञान तेच, उपयोग पालटला. आमच्या कळमनुरी तालुक्यात आंध आदिवासींची वस्ती आहे, मेंढपाळांची घरे आहेत. शाळेच्या पटावर त्यांची मुले आहेत.

येथेच या विषयातील खरी अडचण येते आणि ती टाळून लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. माळ कोणाचा? शाळेने कुंपण घातले की त्याच्या आतले गवत सुरक्षित होते, पण कुंपणाबाहेर राहिलेली शेळी कोणाची तरी असते. मराठवाड्यात गायरानाचा प्रश्न नाजूक आहे. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्याच्याही आधीपासून आणि नंतरही, भूमिहीन कुटुंबांनी गायरानाचे तुकडे कसून पोट भरले आहे. अशा जमिनीवर 'मुलांचे वन' असा फलक लावून कोणाला हुसकावणे हे पर्यावरणाचे काम होऊ शकत नाही. आमच्या पाहणीतील माळावर शेती नव्हती, परंतु तीन-चार घरांच्या मेंढ्या-शेळ्या तेथे चरत होत्या. म्हातारबुवांच्या बोलण्यातला रोखही खड्ड्यांपेक्षा तारेच्या कुंपणाकडे अधिक होता.

शाळेत बैठक झाली तेव्हा मुख्याध्यापक, दोन शिक्षक, गावातील चार मंडळी आणि ते आजोबा बसले होते. एका शिक्षकांचे म्हणणे असे की गवत राखून छायाचित्रात काय दाखवायचे? प्रश्न थट्टेचा वाटला तरी तो खोटा नव्हता. त्यांना वर अहवाल पाठवायचा असतो आणि अहवालात गवताला रकाना नसतो. बऱ्याच चर्चेनंतर जे ठरले ते असे. संपूर्ण माळ एकदम बंद करायचा नाही. त्याचे तीन भाग करायचे आणि दर वर्षी एकच भाग पावसाच्या आरंभापासून बी पडेपर्यंत, म्हणजे साधारण कार्तिकअखेरपर्यंत, चराईला बंद ठेवायचा. बी पडल्यानंतर गवत विळ्याने कापून ज्यांची जनावरे तेथे चरत होती त्यांनीच न्यायचे. पुढच्या वर्षी दुसरा भाग. तारेचे कुंपण नाही. बोरीच्या काट्यांची कुपाटी चालेल. अजिबात न चरलेले, न कापलेले गवतही वर्षानुवर्षे स्वतःच्याच वाळक्या भाऱ्याखाली गुदमरते, तेव्हा चराई ही शत्रू नाही, तिला फक्त पाळी हवी, हे आजोबांनी सांगितले आणि पुस्तकांतही तेच आहे.

झाडे लावायचीच नाहीत असे नाही. ओघळीच्या काठाला, जेथे पहार दोन हात आत जाते, तेथे बेल, मोई, आपटा, बहावा, पळस लावण्यास हरकत नाही. तीही पहिल्या दोन वर्षांत थोडीच. धावड्याचे बी फार कमी उगवते, म्हणून त्याच्या जुन्या खुंटांना फुटलेले धुमारे राखणे हाच सोपा मार्ग. पळसही खोडापासून व मुळापासून पुन्हा फुटतो. अशी जिवंत खोडे मुलांनी शोधून त्यांच्याभोवती दगडांची वर्तुळे मांडली. रोपे लावण्यापेक्षा हा खेळ त्यांना अधिक आवडला. बाभळीचे बी टणक कवचाचे, तसेच टाकले तर लवकर रुजत नाही. पण शेळीने शेंगा खाल्ल्या की तिच्या पोटातून आलेले बी चांगले उगवते. म्हणून ते बी रोपवाटिकेतून नव्हे तर शेळ्यांच्या वाड्यातून गोळा करायचे ठरले, आणि ज्यांना कुंपणाबाहेर काढण्याची भाषा चालली होती त्याच घरांकडे शाळेची मुले पिशव्या घेऊन गेली.

गाजरगवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटायचे. हाताला फडके किंवा मोजे असल्याशिवाय मुलांनी त्याला हात लावायचा नाही, कारण त्याने अंगाला खाज सुटते व काहींना दमही लागतो. सुरुवात माळाच्या उत्तर टोकाकडून, जेथे पवना व कुसळी अजून दाट आहे. अहवालाच्या रकान्याचा प्रश्न तूर्त असा सुटला आहे की ओघळीकाठची थोडी रोपे त्यात दाखवली जातील आणि गवताची नोंद मुलांच्या वहीत राहील. ती वही शाळेच्या कपाटात आहे. सुतळी आणि खुंट्याही तेथेच ठेवल्या आहेत. येत्या श्रावणात तेच चौरस त्याच जागी पुन्हा आखायचे आहेत.